पिकअपचं मागचं हाउसिंग बदललं, आता शाफ्ट जुळवा: गॅरेजमधल्या नोंदी

२० डिसेंबर

सोलापूरजवळच्या मंद्रूपच्या मालकांची पिकअप आत घेतली. जीपच्या घराण्यातली जुनी गाडी. टू-व्हील, मागे पाटे, गिअरबॉक्सपासून हाउसिंगपर्यंत (मागच्या एक्सलचं घर) एकच प्रोपेलर शाफ्ट, मध्ये सेंटर बेअरिंग नाही. तक्रार एकच, मागून घूं-घूं. चाळीसच्या पुढे सुरू होतो आणि एक्सलरेटरवरचा पाय उचलला की सूर बदलतो. असा सूर बदलणारा आवाज बहुतेक वेळा चाकाच्या बेअरिंगचा नसतो, क्राऊन-पिनियनचा असतो, म्हणजे शाफ्टचा जोर चाकांकडे वळवणाऱ्या हाउसिंगमधल्या गिअरच्या जोडीचा. वस्तादांनी ड्रेन नट खोलला, तेल बोटावर घेतलं आणि उन्हात धरलं. बारीक धातू चमकत होता. मागचं झाकण काढल्यावर बोलायला काही उरलंच नाही. पिनियनच्या दातांचे कोपरे झडले होते.

मालकांना दोन वाटा सांगितल्या. नवा क्राऊन-पिनियन सेट आणून शिम (पातळ चकत्या), बॅकलॅश (दातांमधला खेळ) सगळं पहिल्यापासून बसवायचं, नाहीतर चांगलं अख्खं हाउसिंग मिळालं तर तेच चढवायचं. मार्केट यार्डात कांद्याची आवक जोरात आहे, गाडी उभी राहिली की भाडं दुसऱ्याच्या खिशात. "हाउसिंगच बगा ओ, लवकर होऊन जाऊ दे," म्हणाले. सगळ्यांना हेच वाटतं. हाउसिंग चढवणं खरंच लवकर होतं. वेळ खातो तो शाफ्ट, आणि तो कुणाच्या हिशेबात नसतो.

२३ डिसेंबर

भंगारातून हाउसिंग मिळालं. त्याच घराण्यातलं, पण नंतरच्या गाडीचं. घेण्याआधी तिथंच जमिनीवर तपासलं: एक्सल ओढून-ढकलून पाहिले, पिनियनला वर-खाली खेळ नाही, सील कोरडं. झाकण बंद असलं तरी रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे, तो काढता येतो. दोन्ही चाकं एकदम एक फेरा फिरवायची आणि पिनियनचा योक (शाफ्ट जोडायचा दोन कानांचा तुकडा) किती फिरला ते मोजायचं. एकच चाक फिरवत असाल आणि दुसरं धरून ठेवलं असेल तर त्या चाकाचे दोन फेरे धरायचे, कारण डिफरन्शियल अर्धं खातं. इथं पाचाला थोडं कमी आलं. गॅरेजवर झाकण उघडल्यावर क्राऊनच्या कडेला ३९ आणि ८ कोरलेलं दिसलं, म्हणजे ४.८७५. जुन्यात ४३ आणि ८ होते, म्हणजे ५.३७५.

या फरकाचा अर्थ मालकांना आधीच सांगून ठेवला. चाकाचा घेर खडूची खूण करून मोजला, २.२६ मीटर. साठच्या वेगाला जुन्या रेशोवर शाफ्ट मिनिटाला साधारण २३८० फेरे घ्यायचा, आता २१६० घेईल. इंजिन सपाटीला सुटसुटीत चालेल, चढाला मात्र ओढ सव्वानऊ टक्क्यांनी कमी. "घाटात एक गिअर खाली टाकू की," म्हणाले. गाडी फोर-व्हील असती तर हे हाउसिंग मी घेतलंच नसतं, पुढच्या-मागच्या रेशोत फरक चालत नाही.

पाट्यांच्या बैठकीचं अंतर जुळलं, चाकाची पाच भोकं त्याच वर्तुळावर. एवढं जुळलं की माणूस खूश होतो आणि पिनियनच्या तोंडाकडे बघायचं विसरतो. जुन्या पिनियनच्या स्प्लाइनला (योक बसतो त्या दातेरी टोकाला) १० दाते, नव्याला २६. म्हणजे जुना योक काढून नव्यावर बसवायचा सोपा रस्ता बंद.

२६ डिसेंबर

आजचा दिवस व्हर्निअरचा.

स्पेअरच्या काउंटरवर पहिला प्रश्न येतो, "गाडी कोणती?" हाउसिंग बदललेल्या गाडीला या प्रश्नाचं उत्तर नसतं. पुढचं टोक एका गाडीचं, मागचं दुसरीचं. त्यातून जुन्या गाड्यांत आधीच कुणी काय काय घातलंय ते त्यांनाच माहीत. म्हणून गाडीचं नाव घ्यायचं नाही, माप सांगायचं. क्रॉस म्हणजे दोन योक जोडणारा चार टोकांचा सांधा, प्रत्येक टोकावर सुयांच्या बेअरिंगचा कप. त्याची मापं दोन: कपाचा बाहेरचा व्यास, आणि समोरासमोरच्या दोन कपांची टोकापासून टोकापर्यंत लांबी. लॉक (कप जागेवर धरणारी कडी) योकच्या बाहेरच्या बाजूला बसत असेल तर ही लांबी चालते. लॉक आतल्या बाजूला, कपाच्या खाचेत बसणारा असेल तर दोन खाचांमधलं अंतर घ्यावं लागतं. तेव्हा काउंटरवर लॉक आतला की बाहेरचा हेही सांगायचं.

पुढचा, गिअरबॉक्सकडचा क्रॉस: कप २७ एमएम, लांबी ८१.७. मागे नव्या पिनियनचा योक अर्धगोल खाचेचा आहे, यू-बोल्टने आवळायचा. त्यात क्रॉस नव्हताच, म्हणून योकच्या दोन्ही कानांवर कप अडवायला जे ओठ असतात त्यांच्यामधलं अंतर घेतलं. ते ९२. खाचेत पुढचाच कप ठेवून पाहिला, चपखल बसला. म्हणजे २७ × ९२.

ही मापं एका ठरलेल्या मालिकेतली आहेत. कारखान्याच्या भाषेत १३१० म्हणजे २७ × ८२, १३३० म्हणजे २७ × ९२, १३५० म्हणजे ३०.२ × ९२, आणि त्याच्या वरचा १४१० म्हणजे ३०.२ × १०६. गंमत १३३० ची आहे. कप धाकट्याचा, लांबी थोरल्याची. नुसता कप मोजून गेलात तर ८२ चा हातात येतो, नुसती लांबी मोजली तर जाड कपाचा. काउंटरवरचा पोरगा नजरेनेच जुळवत होता. त्याने आधी जाड कपाचाच डबा पुढे केला, लांबी तंतोतंत तीच. व्हर्निअर लावला तेव्हा परत ठेवला.

हे आकडे स्पायसर कंपनीचे. क्लॅरेन्स स्पायसर या माणसाने १९०३ मध्ये अमेरिकेत बंदिस्त, वंगण धरून ठेवणाऱ्या जॉइंटचं पेटंट घेतलं. तेव्हा बऱ्याच मोटारींची चाकं साखळीने फिरत. सोलापुरात आज कुणी १३१० म्हणून मागत नाही, सत्तावीस-ब्याऐंशी म्हणूनच मागतो. काम तेच होतं.

२८ डिसेंबर

पुढे ८२, मागे ९२. यातून मार्ग तीन.

पहिला, पिनियनचा योक बदलायचा. २६ दात्यांचा, ८२ च्या क्रॉसचा योक शोधायचा, पिनियनचा नट खोलायचा. या हाउसिंगमध्ये पिनियनचं प्रीलोड (बेअरिंगवरचा ठरलेला दाब) शिमवर आहे, चिरडणाऱ्या स्लीव्हवर नाही, त्यामुळे ते बिघडायची भीती कमी. पण तसा योक इथं कुणाकडे नाही.

दुसरा, जोडक्रॉस. असा क्रॉस मिळतो ज्याच्या एका जोडीची लांबी ८२ आणि दुसऱ्या जोडीची ९२. शाफ्टला हात न लावता काम होतं. वस्तादांना हाच पसंत होता. मागवायलाही तयार होते. मी नको म्हणालो. ही गाडी भाड्याची आहे, उभी राहायची तर कुठं मोहोळजवळ नाहीतर विजापूर रोडला रात्री उभी राहणार. तिथल्या दुकानात साधा क्रॉस मिळेल, जोडक्रॉस मिळणार नाही. ड्रायव्हर दोन दिवस ढाब्यावर बसेल आणि फोन मला करेल.

तिसरा, शाफ्टच्या मागच्या टोकाला ९२ चा वेल्ड योक लावायचा. पुढे साधा ८२, मागे साधा ९२, दोन्ही कुठंही मिळणारे. एरवी याला मी महागडं काम म्हटलं असतं. पण नव्या हाउसिंगचं तोंड जुन्यापेक्षा पुढे आलंय, शाफ्ट कापावाच लागणार आहे. जिथं नळी कापायचीच आहे तिथं योक बदलायला वेगळी मजुरी किती? वस्ताद थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग लांबी आधी घे, वजनावर घे. जॅकवर घेशील तर लेथवाल्याकडं परत जाशील."

३० डिसेंबर

हाउसिंग चढवलं. यू-बोल्ट नवे घातले, जुने एकदा ताणले गेलेले परत वापरत नाही. गाडी चाकांवर उतरवली, दोन-चार वेळा पुढे-मागे ढकलली म्हणजे पाटे आपल्या जागी बसतात, आणि मगच खाली शिरलो.

लांबी क्रॉसच्या मध्यापासून क्रॉसच्या मध्यापर्यंत घ्यायची. नळीची लांबी हे माप नव्हे. जुना शाफ्ट बसायचा १२७८ वर, आता जागा आहे १२४०. म्हणजे ३८ एमएम कमी. पण नवा वेल्ड योक जुन्यापेक्षा ६ एमएम उंच आहे, वेल्डच्या कडेपासून क्रॉसच्या मध्यापर्यंत. म्हणून नळीतून ३८ नाही, ४४ कापायचे. हा हिशेब लेथवाल्या अण्णांना कागदावर आकृती काढून दिला. तोंडी सांगितलेला आकडा वाटेत बदलतो.

स्लिप जॉइंट (शाफ्टचा आत-बाहेर सरकणारा भाग) या मापावर पूर्ण आत जायला अजून ३० एमएम शिल्लक राहील असं धरलंय. खडूने खूण करून चेसी जॅकवर उचलली, पाटे लोंबकळू दिले. मग गाडी उतरवून मागे माणसं चढवली. खूण दोन्हीकडे मिळून वीसेक एमएम सरकली. आत आदळत नाही, बाहेरही निघत नाही.

कोनही आजच घेतले. गिअरबॉक्सचं मागचं टोक खाली झुकलेलं ४ अंश. जागा धरून काढलेली शाफ्टची रेषा ७ अंश. पुढच्या क्रॉसला म्हणून ३ अंश. मागे पिनियनचं नाक वर हवं ४ अंश, म्हणजे ते गिअरबॉक्सला समांतर होतं आणि मागच्या क्रॉसलाही ३ अंशच मिळतात. निघालं फक्त १ अंश. मागच्या क्रॉसला ६. हाउसिंग ज्या गाडीचं होतं तिच्यात इंजिनची बैठक वेगळी असणार, बैठका त्या हिशेबाने वेल्ड केलेल्या.

पिनियन बाजूलाही १८ एमएम सरकलेलं आहे. सव्वा मीटरवर तो कोन एक अंशही होत नाही, आणि दोन्ही टोकांना सारखाच येतो. सोडून दिला.

३ जानेवारी

शाफ्ट अण्णांच्या लेथवर. त्यांचं मूळ काम यंत्रमागाचे सुटे भाग, पण लांब वस्तू सरळ धरायची सवय त्यांच्या हाताला आहे, आणि शाफ्टला तेवढंच लागतं. नळी ७६ ची, जाडी २.१. योकचा खांदा नळीच्या आत दाबून बसला पाहिजे, ढिला बसला तर वेल्ड त्याला ओढून वाकडा करतो. बसला घट्ट.

फेज. शाफ्टच्या दोन टोकांचे योक एकाच सपाटीत हवेत. शाफ्ट जमिनीवर ठेवला तर दोन्हीचे कान एकदम टेकले पाहिजेत. कारण असं: क्रॉस कोनात फिरतो तेव्हा पुढून एकसारखी आलेली गती मागे एकसारखी जात नाही, एका फेऱ्यात दोनदा वाढते आणि दोनदा कमी होते. दुसऱ्या टोकाचा क्रॉस बरोबर उलटा खेळ करून ती सरळ करतो. पण दोन्ही कोन सारखे असतील आणि योक एका रेषेत असतील तरच. स्लिपच्या स्प्लाइनवर एक दात चुकवून घातला तरी हे बिघडतं, म्हणून स्लिप आणि शाफ्ट दोन्हींवर पंचने खूण करून घेतली.

चार ठिकाणी टाके मारले, डायल गेज लावला, टकटक करून सरळ केलं, मग पूर्ण वेल्ड. मधोमध फिरत, म्हणजे फिरताना होणारं डोलणं, अर्ध्या एमएमच्या आत आला. अण्णांनी त्यांच्या कारागिराला तेलुगूत काहीतरी सुनावलं, पुन्हा दोन ठोके, आणि काटा पाव एमएमवर. मी पाववर मागितला नव्हता. बॅलन्सिंग दुसरीकडे, ट्रकचे शाफ्ट करणाऱ्यांकडे.

६ जानेवारी

ब्रेकचा पाइप, हँडब्रेकची केबल, ब्रीदर, ९० नंबरचं तेल. ब्रेकची हवा काढली. विशेष काही नाही.

९ जानेवारी

शाफ्ट चढवला. क्रॉसचे यू-बोल्ट जोर काढून आवळायचे नसतात. जास्त आवळले की कप दबतो, आतल्या सुया अडकतात, आणि नवा क्रॉस महिन्यात लाल धूळ ओकायला लागतो. टॉर्क पाना लावला, बावीस न्यूटन मीटरवर थांबलो. दोन्ही क्रॉस बोटाने हलवून पाहिले, कुठंही अडत नाहीत.

पिनियनचं नाक वर उचलायला पाटे आणि बैठकीमध्ये घालायच्या पाचरी अजून तयार नाहीत, तरी रिकामी गाडी अक्कलकोट रोडला थोडी फिरवली. मुद्दाम. पाचर घालायच्या आधी काय होतं ते माहीत असलं की घातल्यावर फरक कळतो. घूं-घूं गेला. त्याच्या जागी चाळीसला केबिनच्या पत्र्यात दबका गुरगुराट. वस्ताद म्हणाले, "आवाज येलालाय की बे, बॅलन्सिंग बगून घे."

बॅलन्सिंगचा नव्हता. फोनवर कंप मोजायचं ॲप आहे, तो सीटखालच्या पत्र्यावर ठेवला. चाळीसला शाफ्ट सेकंदाला २४ फेरे घेतो. बॅलन्सचा दोष असेल तर कंप २४ च्या आसपास येतो, फेऱ्याला एक झटका. फोनवर शिखर आलं ४८ जवळ. फेऱ्याला दोन झटके, म्हणजे कोन. कोन दुप्पट झाला की गतीतला चढउतार चौपट होतो. पुढे ३ आणि मागे ६ असताना मागचा क्रॉस पुढच्याच्या चौपट बिघडवतोय, पुढचा त्यातला एक हिस्सा फेडतोय, उरलेले तीन पत्र्यात. वस्तादांना ॲप पटलं नाही. त्यांना कारण पटलं.

१३ जानेवारी

सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा. अण्णांचं दुकान बंद, उद्या अक्षता सोहळा, शहरात गाडी काढायचीच सोय नाही. पाचरी लेथवर अर्धवट. मालकांचा फोन आला, तेही यात्रेतच होते, त्यामुळे फार बोलले नाहीत.

१७ जानेवारी

पाचरी बसवल्या. नाक १ वरून ४ वर न्यायचं म्हणजे ३ अंशांच्या हव्यात असं वाटेल. मी २ च्या करून घेतल्या. पाट्याच्या गाडीत जोर लागला की हाउसिंग स्वतः वर वळतं, पिनियनचं नाक एखाद-दुसरा अंश उचलतं. ती जागा सोडून ठेवायची. उभ्या गाडीत ३, ओढताना ४.

१२० एमएम लांबीवर दोन अंश म्हणजे एका टोकाला सव्वाचार एमएम जास्त. जाड टोक कुठं? या गाडीत पाटे एक्सलच्या वर आहेत, म्हणून जाड टोक मागे. पाटे खालून जाणाऱ्या गाडीत उलटं. पाचरी लोखंडाच्याच केल्या, ॲल्युमिनियमच्या मिळतात पण माल वाहणाऱ्या गाडीत मला त्या नकोत. सेंटर बोल्ट लांब घालावा लागला, नाहीतर त्याचं डोकं बैठकीच्या भोकापर्यंत पोचत नाही आणि एक्सल पाट्यावर सरकायला मोकळं होतं. हे कुणी सांगत नाही, म्हणून लिहून ठेवतोय.

चाळीसला गुरगुराट नाही. फोन ठेवून पाहिला, ४८ चं शिखर सपाट.

१९ जानेवारी

आता भरलेली गाडी. मालकांनी एक टन कांदा घातला आणि तुळजापूरला निघालो. निघण्यापूर्वी पुन्हा कोन: गिअरबॉक्स ५, शाफ्ट पावणेसहा, पिनियन ४. वजन पडलं की चेसी मागे झुकते, तिच्याबरोबर गिअरबॉक्सही आणि पाट्यांवरचं हाउसिंगही तेवढंच कलतं. म्हणून त्या दोघांतला एक अंशाचा फरक तसाच राहिला, शाफ्टचा कोन तेवढा सपाट झाला. पुढच्या क्रॉसला पाऊण अंश उरला. तो शून्य झाला असता तर मला आवडलं नसतं, क्रॉसच्या सुया जागच्या जागी राहून कपात चरे पाडतात. थोडा कोन त्यांना फिरवत ठेवतो.

उळ्यापर्यंत काही नाही. तामलवाडीनंतर साठ, सत्तर, काही नाही. घाटात पूर्वी तिसऱ्यावर चढायची त्या वळणाला ड्रायव्हरने दुसरा टाकला. तोंड वाकडं केलं. परतीला रिकामी गाडी साठला इतकी गप्प चालली की त्याने रेडिओ लावला. हाउसिंगला हात लावून पाहिला, कोमट.

२८ जानेवारी

पाट्यांचे यू-बोल्ट पुन्हा आवळले, पाव-पाव फेरा घेतला सगळ्यांनी. पाचर घातलेल्या गाडीला ही फेरी चुकवायची नाही. क्रॉसना ग्रीस, चारही कपांतून नवं बाहेर येईपर्यंत. पिनियनचं सील कोरडं.

एक गोष्ट राहिली, मीटर. त्याची केबल गिअरबॉक्समधून निघते, त्याला मागचा रेशो बदलल्याची खबर नाही. गाडी साठने चालली तर मीटर चौपन्न दाखवतो. केबलच्या टोकाचं छोटं गिअर बदलून जुळवता येतं, तसं दात्याचं मिळालं नाही. मालक म्हणाले, "मीटर कोण बगतंय ओ, कांदा पोचला म्हणजे झालं." वेगाचं ठीक आहे, पण किलोमीटरही तितकेच कमी पडतात. खरे पाच हजार झाले की मीटरवर साडेचार हजारच असणार. ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या पत्र्यावर पेंटने लिहून दिलं: ऑइल दर ४५०० ला. त्याच्या खाली, पुढचा क्रॉस २७ × ८२, मागचा २७ × ९२, लॉक बाहेरचा. ड्रायव्हरने त्याचा फोटो काढून घेतला.